राखण आणि राखणावळ

मुंगी शिकारी आहे. झाडावर मऊ अंगाची अळी सापडली की तिचे तुकडे करून घरट्यात नेणे हा तिचा रोजचा धंदा. पऱ्हाटीवरच्या बोंडअळ्यांची अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या मुंग्या उचलून नेतात, म्हणून कीटकशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना शेतकऱ्याच्या मित्रांत जागा मिळते. असे असताना वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या धुऱ्यावरच्या बोरीची पाने पावसाळ्याच्या अखेरीस उलटून पाहिली, तर या स्वभावाशी न जुळणारे काही दिसण्याचा बराच संभव असतो. पानाच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराहूनही लहान, चपटी, पानाच्याच रंगाची एक अळी चिकटलेली असते आणि तिच्या अंगावर दोन-तीन मुंगळे चढलेले असतात. ते तिला चावत नाहीत. मिशांनी तिची पाठ चाचपतात, थांबतात, काहीतरी पितात, पुन्हा चाचपतात. दुसरा एखादा कीटक जवळ आला तर त्याच्यावर धावून जातात. शिकाऱ्याने इथे राखणदारी पत्करलेली असते. हे कसे घडते, का घडते आणि त्यात कोणाचा किती फायदा असतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय दिसतो तितका लहान नाही. ज्या लहानखुऱ्या, बहुधा निळसर फुलपाखरांना इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणतात, त्यांच्या कुळाला मराठीत आता नील कुळ म्हणतात. जगभरात या कुळाच्या पाच हजारांहून अधिक जाती आहेत. फुलपाखरांच्या एकूण जातींचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होतो. त्यांतल्या ज्या जातींचा अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा जीवनक्रम नीट नोंदला गेला आहे, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जातींच्या अळ्यांचा मुंग्यांशी काही ना काही संबंध आढळला आहे. काहींचा संबंध सैल असतो. मुंगी आली तर बरे, नाही आली तरी भागते. काहींचा इतका घट्ट असतो की ठरावीक जातीची मुंगी नसेल तिथे ते फुलपाखरूही नसते.

या संबंधाला मैत्री म्हणण्याचा मोह होतो आणि लहान मुलांच्या पुस्तकांत तो आवरलाही जात नाही. मला वाटते, व्यवहाराची भाषा इथे जास्त उपयोगी पडते. गावचा गायकी लोकांची जनावरे रानात नेतो, त्याची राखणावळ ठरलेली असते. ठरलेली असली तरी तिच्यावर घासाघीस होते, कधी ती बुडवली जाते, कधी राखणदारच हात मारतो. अळी आणि मुंगी यांच्यातला करारही असाच आहे. त्याच्या अटी झाडागणिक, हंगामागणिक आणि मुंगीच्या जातीगणिक बदलतात. त्यामुळे कोलोरॅडोच्या कुरणात किंवा ऑस्ट्रेलियातल्या बाभळींवर जे सिद्ध झाले, ते सेलू-हिंगणीकडच्या बोरीवर जसेच्या तसे लागू पडेल असे धरून चालत नाही. ते इथे, इथल्या झाडावर, इथल्या मुंगीबरोबर पाहावे लागते. या पुस्तकाची सारी मांडणी या एका म्हणण्यावर उभी आहे.

आधी देवघेवीची साधने पाहू. नील कुळातल्या अळीची त्वचा इतर फुलपाखरांच्या अळ्यांपेक्षा कितीतरी जाड असते आणि डोके छातीखाली आत ओढून घेता येते. मुंगीने चुकून चावा घेतलाच तर तो सहसा जीवावर बेतत नाही. त्वचेवर सूक्ष्म छिद्रांच्या असंख्य ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे मुंगीचा आक्रमकपणा निवळतो असे मानले जाते. उदराच्या सातव्या खंडावर, पाठीच्या मध्यभागी, एक आडवी चीर असते. ती मधुग्रंथी. मुंगीने मिशांनी चाचपले की त्या चिरेतून पारदर्शक थेंब वर येतो. त्यात साखर असते आणि अमिनो आम्लेही, म्हणजे गोडव्याबरोबर पोषणही. आठव्या खंडावर दोन बाजूंना दोन लहान नळ्या दडलेल्या असतात. प्रसंगी त्या झटकन बाहेर येतात, टोकाचा केसांचा झुपका क्षणभर फुलतो आणि पुन्हा आत जातो. तो फुलला की जवळच्या मुंग्या एकदम बिथरल्यासारख्या होतात, जबडे उघडून इकडेतिकडे धावू लागतात. राखणदाराला हाक मारण्याची ही अळीची तऱ्हा असावी, असा बहुतेक अभ्यासकांचा समज आहे.

हे सगळे दहापट भिंगातून दिसते. ऊन चढायच्या आत बोरीजवळ बसावे. खरवडलेले पान आधी शोधावे. या अळ्या पानाला भोक पाडत नाहीत, वरचा हिरवा थर खरवडून खातात, त्यामुळे पानावर फिकट पट्टे उठतात. पट्टा ताजा असेल तर अळी जवळच असते. ती सापडली तरी नजर आधी मुंग्यांवर ठेवावी, कारण रंगाने अळी पानात मिसळून जाते आणि मुंगळ्यांचा घोळका मात्र लांबूनही दिसतो. थेंब यायला लागणारा वेळ प्रत्येक अळीचा वेगळा असतो. एखादी लगेच देते, एखादी मुंगळ्याला बराच वेळ ताटकळत ठेवते. कात टाकण्याच्या बेतात असलेली अळी तर काहीच देत नाही, तरी मुंगळे तिला सोडून जात नाहीत. पुढे ज्या वादांचा उल्लेख येणार आहे त्यांची मुळे असल्या बारीकसारीक गोष्टींत आहेत.

अळीला कान नाहीत, मुंगीलाही आपल्या अर्थाने नाहीत, तरी दोघांमध्ये आवाजाचा व्यवहार आहे. अनेक अळ्या आणि कोष अतिशय क्षीण कंपने निर्माण करतात. ती हवेतून नव्हे, तर पानातून आणि फांदीतून जातात, आणि मुंगी ती पायांनी टिपते. अमेरिकन अभ्यासक फिल डीव्हरीस यांनी १९९०मध्ये मध्य अमेरिकेतल्या, नील कुळाच्या जवळच्याच एका कुळातल्या अळ्यांवर प्रयोग करून दाखवले की कंपने करू शकणाऱ्या अळ्यांभोवती मुंग्या जास्त जमतात.

आता वर्ध्याची माणसे, म्हणजे झाडे, अळ्या आणि मुंग्या. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या मातीचा आहे. पश्चिमेला वर्धा नदी, मधून बोर, धाम, यशोदा, वेणा वाहतात आणि उत्तरेला सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या उतरत येतात. बोरीच्या झुडपांना इथे तोटा नाही. धुरे, पडीक जागा, नाल्याचे काठ सगळे त्यांनी भरलेले आहे. बोरीवर कॉमन पियरो वाढते, पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेले, जमिनीलगत संथ उडणारे. त्याच्याच नात्यातली टॅरुकस गणातली बारकी फुलपाखरेही बोरीवरच वाढतात. या दोन्हींच्या अळ्यांभोवती मुंग्या दिसतात. चवळी, उडीद, मूग यांच्या फुलांवर आणि शेंगांवर ग्राम ब्लू असते, तुरीच्या कळ्यांवर आणि शेंगांवर पी ब्लू. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. तिथे कोवळ्या पालवीवर लाइम ब्लूची अळी असते. करंजावर सेरुलियन, चित्रकावर झेब्रा ब्लू, आणि बंगल्यासमोर हौसेने लावलेल्या सायकसची नवी पाने उलगडू लागली की तिथे प्लेन्स क्युपिड. शेवटच्या या जातीसाठी जंगलात जावे लागत नाही. सरकारी कचेरीच्या आवारातली सायकसची कुंडीही पुरते.

राखणदारांतही भेद आहेत. मोठा काळा मुंगळा सर्वत्र असतो आणि कामाच्या बाबतीत फारसा निवडक नसतो. अळी, मावा, पिठ्या ढेकूण, जिथे गोड मिळेल तिथे तो जातो. शेपटीकडचा भाग डोक्यावर उचलून धरणाऱ्या, बदामाच्या आकाराच्या उदराच्या बारक्या मुंग्या झाडावर चघळलेल्या लाकडाची तपकिरी घरटी बांधतात. सिल्व्हरलाइन या रुपेरी रेघांच्या फुलपाखराच्या अळ्या त्यांच्या सोबतीने, पाने जुळवून केलेल्या निवाऱ्यात राहतात आणि रात्री खायला बाहेर पडतात. जंगलात अर्जुन आणि ऐन यांच्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतात. ओकब्लू फुलपाखरांच्या अळ्या त्यांच्या कडक बंदोबस्तात वाढतात. या मुंग्यांच्या झाडाला नुसता हात लावला तरी बंदोबस्त किती कडक आहे हे कळते.

झाडेही या व्यवहारात तटस्थ नसतात. कापसाच्या पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेवर एक लहान मधुग्रंथी असते. एरंडाच्या देठावर त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चवळीच्या फुलांच्या दांड्यावरही असतात. फुलाच्या बाहेरचा हा मध परागीभवनासाठी नसतो. तो मुंग्यांना झाडावर खेळवत ठेवतो, आणि मुंग्या असल्या की पाने खाणारे कीटक कमी होतात. म्हणजे चवळीने स्वतःच्या रक्षणासाठी नेमलेले राखणदार ग्राम ब्लूची अळी स्वतःसाठी फोडून घेते, आणि तेही चवळीचेच पोषण खाऊन केलेल्या थेंबाच्या बदल्यात.

या विषयाची लेखी परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ग्वेने यांनी १८६७मध्ये अळीच्या पाठीवरच्या त्या ग्रंथीचे वर्णन छापले. त्यांच्यासमोर असलेली अळी पी ब्लूची होती, म्हणजे आपल्या तुरीवर असते तीच. अमेरिकेत विल्यम हेन्री एडवर्ड्स यांनी १८७८मध्ये लिहिले की मुंग्या अळीला परजीवी माश्या आणि गांधीलमाश्यांपासून वाचवतात. संरक्षणाची कल्पना स्पष्टपणे मांडणाऱ्या सुरुवातीच्या लेखनात त्यांचे लेखन मोडते.

भारतातली नोंद याच काळात सुरू झाली आणि तिच्यात बोर पहिल्यापासून आहे. लायोनेल द निसेव्हिल यांच्या लेखनात बोरीवरच्या टॅरुकस अळ्यांचे आणि मोठ्या काळ्या मुंगळ्यांचे वर्णन येते. पूर्ण वाढलेल्या अळ्या खोडावरून खाली उतरतात, बुंध्याशी कोष करतात आणि तिथेही मुंगळे त्यांची राखण करतात. नील कुळावरचा त्यांचा खंड १८९०मध्ये निघाला. मुंबईत १८८३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या नियतकालिकात डेव्हिडसन आणि एटकिन यांनी मुंबई इलाख्यातल्या अळ्या आणि कोषांवर लिहिले. पुढे त्यांना कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल येऊन मिळाले. बेल यांनी मैदानी भारतातल्या सामान्य फुलपाखरांवर १९०९पासून जवळजवळ दोन दशके लेखमाला चालवली. अळी कोणत्या झाडावर सापडली याबरोबरच तिच्यासोबत कोणती मुंगी होती, हेही ते नोंदवीत. आजही भारतीय अळ्यांच्या मुंग्यांबद्दल काही शोधायचे तर पहिला हात बेल यांच्याकडेच जातो.

याच सुमारास एक विलक्षण योग जुळून आला होता. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतला मुंग्यांवरचा खंड १९०३मध्ये आला आणि फुलपाखरांवरचे दोन खंड १९०५ आणि १९०७मध्ये. तिन्ही खंड कर्नल चार्ल्स बिंगहॅम यांनी लिहिले. मुंग्या आणि फुलपाखरे एकाच माणसाच्या मेजावर होती. त्यांच्यानंतर दोन्ही विद्यांची फारकत झाली. मुंग्यांचे अभ्यासक मुंग्यांकडे गेले, फुलपाखरांचे फुलपाखरांकडे, आणि दोघांच्या मधली वस्तू बरीच वर्षे कोणाचीच राहिली नाही.

आपल्या भागाचा पहिला मोठा आधार नागपूरचा. तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे लोकांच्या अजबबंगल्याने, १९३१मध्ये ई. ए. डी’अब्रू यांची मध्य प्रांताच्या फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. तीत १७७ जाती आहेत. त्यानंतर विंटर-ब्लाइथ यांचे १९५७चे पुस्तक, कृष्णमेघ कुंटे यांचे २०००मधले द्वीपकल्पीय भारताच्या फुलपाखरांवरचे पुस्तक आणि आयझॅक किहीमकर यांचे २००८चे पुस्तक यांनी हौशी निरीक्षकांच्या पिढ्या घडवल्या. विदर्भापुरते बोलायचे तर आशिष टिपले यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत १६७ जाती आहेत. याद्या झाल्या, छायाचित्रे झाली, महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखरूही निवडले. मात्र यादीत फुलपाखराचे नाव येते, त्याच्या अळीचे झाड क्वचित येते आणि अळीची मुंगी जवळजवळ कधीच येत नाही.

आता विचारांच्या परंपरांकडे वळू. अळी मुंगीला थेंब देते हे सगळ्यांना मान्य आहे. का देते, यावर मतभेद आहेत.

पहिला पक्ष म्हणतो की हा निव्वळ बचाव आहे. ऑस्ट्रियाचे हान्स मालिकी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस असे मांडले की जाड त्वचा, शामक ग्रंथी, गोड थेंब ही सारी मुंगीपासून वाचण्याची साधने आहेत. मुंगी अळीचे रक्षण करते असा ठोस पुरावा नाही. राखणावळ कसली, ही खंडणी आहे.

दुसऱ्या पक्षाने पुरावा आणला. नाओमी पियर्स आणि पॉल मीड यांनी कोलोरॅडोत काही झाडांवर मुंग्यांना चढू दिले आणि काहींवर दिले नाही. मुंग्या नसलेल्या झाडांवरच्या अळ्यांना परजीवी कीटकांनी जास्त गाठले. हे निष्कर्ष १९८१मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या बाभळींवर वाढणाऱ्या एका नील फुलपाखरावर काम केले. तिथे मुंग्या काढून घेतल्या की अळ्या जवळजवळ वाचतच नाहीत. या फुलपाखराची मादी अंडी घालताना मुंग्या आहेत की नाहीत हे पाहून झाड निवडते. मात्र मोबदल्याची किंमतही दिसली. मुंग्यांना पाजत वाढलेल्या अळ्यांची फुलपाखरे आकाराने लहान निघाली. राखणावळ खरी आहे आणि ती अळीच्या अंगातून वळती होते, असा याचा अर्थ.

तिसरा पक्ष लबाडीचा अभ्यास करणाऱ्यांचा. इंग्लंडमधल्या लार्ज ब्लू या फुलपाखराची अळी काही काळ तुळशीच्या कुळातल्या एका रानवनस्पतीवर वाढते, मग जमिनीवर उतरते. एका विशिष्ट जातीची लाल मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून घरट्यात नेते. तिथे ही अळी महिनोन्महिने मुंग्यांची पिल्ले खाते. फ्रोहॉक आणि पुरफॉय यांनी १९१५च्या सुमारास हे कोडे सोडवले. तिच्याच गणातल्या दुसऱ्या एका जातीची अळी राणीमुंगीच्या आवाजाची नक्कल करते आणि कामकरी मुंग्यांकडून भरवून घेते, हे २००९मध्ये दाखवले गेले. ऑस्ट्रेलियापासून भारतापर्यंत आढळणाऱ्या मॉथ बटरफ्लाय या जातीची अळी तर चिलखतासारख्या कवचाखाली लपून तांबड्या मुंग्यांच्या घरट्यातच त्यांची पिल्ले फस्त करते. आपल्या भागात लबाडीचे सर्वांत गमतीदार उदाहरण एपफ्लायचे. तिची अळी पाने खात नाही, पिठ्या ढेकूण खाते. ढेकणांच्या पांढऱ्या भुकटीने अंग माखून ती मुंग्यांच्या समोर त्यांचेच गोड देणारे ढेकूण गिळत बसते आणि मुंग्यांना पत्ता लागत नाही. तिच्या कोषावर माकडाच्या तोंडासारखी आकृती असते, म्हणून फुलपाखराचे हे नाव.

चौथा आणि सर्वांत नवा विचार अस्वस्थ करणारा आहे. जपानमध्ये मासारू होजो आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवले की एका नील फुलपाखराच्या अळीचा थेंब वारंवार प्यालेल्या मुंग्या कमी फिरू लागतात, अळीजवळच रेंगाळतात आणि अळीने नळ्या बाहेर काढल्या की लगेच आक्रमक होतात. त्यांच्या मेंदूतले डोपामिन कमी झालेले आढळले. हे सगळीकडे खरे असेल तर राखणदाराला मोबदला मिळतो की त्याला नाद लावला जातो, हा प्रश्न उरतो.

या चार मतांपैकी एकच खरे आणि बाकीची खोटी असे मला वाटत नाही. जातीजातीत, आणि एकाच जातीत ऋतूऋतूत, करार वेगळा असू शकतो. परजीवी कीटक भरपूर असताना राखणीचे मोल वाढते. मावा पडला की मुंग्यांना गोड दुसरीकडे फुकट मिळते आणि अळीच्या थेंबाचा भाव उतरतो. हे तर्काने कळते, पण वर्ध्याच्या बोरीवर कोणत्या महिन्यात तराजू कुठे झुकतो हे कोणी तोलून पाहिलेले नाही. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेपेक्षा गावातल्या माणसाला हे काम सोपे आहे, कारण त्याची बोर रोजच्या वाटेवर असते.

हा विषय आत्ताच हाती घ्यायचे कारण म्हणजे धुरे. गेल्या काही वर्षांत धुऱ्यावरची झुडपे काढणे आणि उरलेल्या गवतावर तणनाशक मारणे सर्रास झाले आहे. बोर कापली की तिच्यावर अंडी घालणारी फुलपाखरे शेजारच्या धुऱ्यावर जाऊ शकतात, पण तिथल्या झाडाच्या बुंध्याशी ओळखीचे वारूळ असेलच असे नाही. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. कोष बुंध्याशी, पाल्याखाली असतात. पऱ्हाटीवर आणि संत्र्यावर होणारी फवारणी कीड मारते तसे राखणदारही मारते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा या विषांची ताकद सगळ्यांच्या लक्षात आली. मुंगीचे वजन किती, हे वेगळे सांगायला नको.

उलट बाजूही मांडली पाहिजे. या पुस्तकातल्या सगळ्याच अळ्या निरुपद्रवी नाहीत. पी ब्लू तुरीच्या शेंगा पोखरते. डाळिंब उत्पादक जिला सुरसा म्हणतात ती फळ पोखरणारी अळी याच कुळातली, आणि फळाच्या भोकाशी तिलाही मुंग्या भेटतात. मुंग्या पिठ्या ढेकणालाही राखतात आणि संत्र्यावरच्या माव्यालाही. झाडावर मुंगी वाढली याचा अर्थ काय, हे ज्या शेतकऱ्याला वाचता येईल त्याला फवारणी कधी करायची आणि कधी टाळायची याचा अंदाज इतरांपेक्षा आधी येईल.

संरक्षणाच्या कायद्याची गंमत इथेच दिसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीपूर्वीच्या अनुसूचींत, धुऱ्याधुऱ्यावर उडणारे कॉमन पियरो वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत होते आणि तुरीवरची पी ब्लू दुसऱ्या. कायदा जातीला संरक्षण देतो, जातींमधल्या कराराला देऊ शकत नाही. हे किती महाग पडते ते लार्ज ब्लूने दाखवले. इंग्लंडमध्ये तिच्यासाठी राखीव जागा होत्या, वनस्पती होत्या, फुलपाखरू पकडणाऱ्यांवर लक्ष होते, तरी १९७९मध्ये ती नामशेष झाली. जेरेमी थॉमस यांनी कारण शोधले. चराई थांबली, सशांमध्ये रोग आला, गवत उंच वाढले, जमीन सावलीने थंड झाली आणि तिला लागणारी एकमेव मुंगी निघून गेली. मुंगीसाठी गवत आखूड ठेवायचे ठरल्यावर आणि १९८०च्या दशकात स्वीडनहून अळ्या आणल्यावर फुलपाखरू परत आले. आपल्याकडे १३८ चौरस किलोमीटरचा बोर व्याघ्र प्रकल्प २०१४मध्ये जाहीर झाला. वाघासाठी राखलेल्या जंगलात या लहान करारांचेही रक्षण होते हे खरे, पण जिल्ह्यातल्या बहुतेक बोरी त्या हद्दीबाहेर, सातबाराच्या जमिनीवर आहेत. त्यांचे भवितव्य वनखात्याच्या हाती नाही, वावराच्या मालकाच्या हाती आहे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे ते थोडक्यात सांगतो. फुलपाखरांची ओळख करून देणारी चांगली पुस्तके आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा हेतू नाही. इथे सुरुवात झाडापासून होते, कारण वाचकाला आधी झाड ओळखू येते. झाडावरून अळीकडे आणि अळीवरून मुंगीकडे जायचे, असा क्रम आहे. मुंगीची जात ओळखणे हे तज्ज्ञाचे काम असते, म्हणून जिथे खात्री नाही तिथे गणाच्या नावावर थांबलो आहे. फुलपाखरांची इंग्रजी नावे देवनागरीत ठेवली आहेत, कारण वर्ध्याचे निरीक्षक एकमेकांशी बोलताना तीच वापरतात. अळ्या पकडून घरी वाढवण्याच्या कृती मुद्दाम वगळल्या आहेत. मुंगीपासून तोडलेली अळी वाढते, पण तिला पाहून या विषयातले काही कळत नाही.

पुस्तक कोणासाठी आहे, असे विचारले तर पहिले उत्तर शाळांसाठी. हाताने करून शिकण्याचा विचार १९३७च्या शिक्षण परिषदेत वर्ध्यातच मांडला गेला आणि नई तालीम इथूनच देशभर गेली. पियर्स यांच्या प्रयोगाला महागडे साहित्य लागत नाही. दोन सारख्या फांद्या निवडायच्या, एकीच्या बुडाशी कागद गुंडाळून त्याला ग्रीस लावायचे म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि दोन्हींवरच्या अळ्या रोज मोजायच्या. सातवीच्या वर्गाला हे जमते. अट एकच, की उत्तर आधी ठरवून ठेवायचे नाही. मुंग्या नसतानाही अळ्या तितक्याच वाचल्या, असे एखाद्या शाळेला आढळले तर ती नोंद वाया गेली असे समजू नये. मालिकी यांचा पक्ष अजून संपलेला नाही.

दुसरे उत्तर शेतकऱ्यांसाठी आणि तिसरे छायाचित्रकारांसाठी. आज जिल्ह्यात कॅमेरे भरपूर आहेत आणि अळीचे छायाचित्र काढताना मुंगी चौकटीत आली तर ती कापून टाकण्याची सवयही आहे. ती सवय सोडावी एवढीच विनंती. नोंद करताना तारीख, गाव, झाड, अळी आणि मुंगी या पाचही गोष्टी एका ओळीत लिहाव्यात. बेल यांनी कारवारला बसून हेच केले, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्यांचे लेखन कामाला येते. वर्ध्याच्या आठ तालुक्यांतून अशा ओळी जमू लागल्या, तर इथला करार कोणत्या अटींवर चालतो हे सांगायला पुढच्या आवृत्तीत परदेशातल्या प्रयोगांचा आधार कमी घ्यावा लागेल. हे पुस्तक त्या दिवशी जुने झाले, तर ते लिहिण्याचा हेतू साधला असे मी समजेन.